कुत्र्याच्या पंजाची गादी कापल्यास घरी घ्यावयाची काळजी

पावसाळा सुरू झाला की पंजावर लावायचे मलम मागण्यासाठी आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढते. पाणी साचलेल्या खड्ड्यातील किंवा टेकडीवरच्या वाढलेल्या गवतातील फुटक्या बाटलीची काच दिसत नाही, आणि सतत ओल्या राहिलेल्या पंजाची गादी मऊ पडून लवकर कापली जाते. एरवी पत्र्याची कड, बांधकामाजवळची खडी, तारेचे कुंपण, कोकणात खडकांना चिकटलेली कालवे आणि संक्रांतीच्या सुमारास रस्त्यात पडलेला नायलॉनचा मांजा ही कारणे आढळतात. गादी वरवर कापली असेल तर घरी काय करता येते, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे. खोल जखमेवर उपचार पशुवैद्यांनीच करावयाचे असतात.

गादीची कातडी जाड आणि खरखरीत असली, तरी तिच्याखाली चरबीचा थर असतो आणि त्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात. त्यामुळे लहानशा कापानेही फरशीवर रक्ताचे ठसे उमटतात आणि घरातील माणसे घाबरतात. खरी अडचण मात्र रक्ताची नसून चालण्याची आहे. कुत्रा पाऊल टेकतो तेव्हा त्याच्या वजनाने गादी पसरते आणि कापाच्या जुळत आलेल्या कडा पुन्हा फाकतात. म्हणूनच कोणते मलम लावले यापेक्षा पट्टी कशी बांधली आणि कुत्र्याला किती दिवस शांत ठेवले, यावर जखम भरणे अवलंबून असते.

दुखत असताना अत्यंत प्रेमळ कुत्राही घरच्या माणसाला चावू शकतो. त्यामुळे एकाने त्याला धरून त्याच्याशी बोलत राहावे आणि दुसऱ्याने पंजा हाताळावा. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरावी. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी ती मध्येच उचलू नये, कारण नुकतीच धरलेली गुठळी तिच्याबरोबर निघून येते. कापड भिजले तर त्यावरच दुसरी घडी ठेवावी. पायाला दोरी किंवा रबरबँड कधीही आवळू नये. पंधरा मिनिटे दाबूनही रक्त वाहत राहिले, तर दाब कायम ठेवून तसेच दवाखान्यात न्यावे.

रक्त थांबल्यावर जखम धुवावी. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ विरघळवावे आणि सुई काढलेल्या सिरिंजने ते पाणी हलकेच जखमेवर सोडावे. मग टॉर्चच्या उजेडात पंजा थोडा तिरपा धरून पाहावे. काचेचा कण असल्यास तो चमकतो, आणि ठरावीक एकाच जागी बोट लागताच कुत्रा पाय ओढून घेत असेल, तर तेथे काही रुतलेले असण्याची शक्यता असते. वर दिसणारा कण चिमट्याने काढता येईल, परंतु आत गेलेला तुकडा कोरून काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. डेटॉल, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाळावे. त्यांनी भरत येणाऱ्या पेशींनाच इजा होते. जखमेत हळद किंवा कॉफी चेपण्याची सवय अनेक घरांत आहे. त्यामागील काळजी आम्ही समजू शकतो. पण ती भुकटी रक्तात मिसळून तिची कडक खपली बनते, घाण तिच्याखाली अडकते आणि डॉक्टरांना आधी ती काढत बसावे लागते.

पट्टी बांधताना घाई करू नये. जखमेवर न चिकटणारे ड्रेसिंग ठेवावे आणि बोटांच्या मध्ये कापसाचे छोटे बोळे ठेवावेत, नाहीतर घामाने व ओलाव्याने तेथील कातडी सोलवटते. कुत्र्याला पंजांच्या गाद्यांमधून घाम येतो, हे अनेकांना माहीत नसते. त्यावर कापसाचा पातळ थर देऊन गॉजची पट्टी बोटांकडून वर गुंडाळत न्यावी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा घ्यावा आणि पट्टी पंजाच्या वरच्या सांध्याच्या (पुढच्या पायात मनगट, मागच्या पायात घोटा) थोडी वरपर्यंत न्यावी. फक्त पंजापुरती बांधलेली पट्टी हमखास निसटते. स्वतःला चिकटणारे बँडेज वापरणार असाल, तर ते रोलमधून आधी सोडवून सैल करावे आणि मगच गुंडाळावे, कारण थेट ताणत गुंडाळलेले बँडेज नंतर आवळते. मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत आणि ती दिवसातून दोन-तीनदा पाहावीत. नखे एकमेकांपासून फाकलेली दिसली, बोटे गार लागली किंवा सुजली, तर पट्टी ताबडतोब सोडावी.

पट्टी रोज बदलावी, आणि ओली झाली तर त्याच क्षणी बदलावी. शी-शूसाठी बाहेर नेताना पट्टीवर धुतलेली दुधाची पिशवी किंवा सलाइनची रिकामी पिशवी चढवावी व घरात येताच काढावी. संरक्षक बूट आम्ही विकतो, तरीही पहिल्या आठवड्यात ते घेऊ नयेत, असाच सल्ला आम्ही देतो. पट्टीवर बूट घातल्यास तो घासतो आणि आत ओल धरतो. जखम मिटल्यानंतर, नवी कातडी अजून गुलाबी व पातळ असताना, त्यांचा खरा उपयोग होतो. कुत्र्याने पट्टी चावू नये यासाठी गळ्यात प्लास्टिकचा कोन घालावा, मग तो दोन दिवस रुसला तरी चालेल. जिने चढणे-उतरणे, चेंडूचा खेळ आणि पळापळ पूर्ण बंद ठेवावी. वरवरचा काप साधारण आठ-दहा दिवसांत मिटतो, तर खोल जखमेला तीन आठवडे किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो.

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नयेत, ही सूचना आम्ही मुद्दाम वेगळी करीत आहोत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडांना किंवा जठराला गंभीर इजा होऊ शकते. अर्धी गोळी दिली तरी ती कुत्र्याच्या वजनाच्या मानाने जास्त ठरू शकते.

गादीचा तुकडा लोंबत असेल, कापाच्या कडा उघड्या राहून आतले मऊ मांस दिसत असेल, काच आत असल्याचा संशय असेल किंवा कुत्रा पाय अजिबात टेकत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. टाके घालावे लागणार असल्यास पहिल्या सहा ते आठ तासांत गेलेले बरे. पुढे सूज, पू, दुर्गंधी किंवा सुस्ती दिसली तरीही थांबू नये. उघड्या जखमेवर, विशेषतः दमट हवेत, माश्या अंडी घालतात व एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. अशा वेळी टर्पेंटाइन ओतण्याचा उपाय न करता कुत्र्याला दवाखान्यात न्यावे. निघताना लसीकरणाचे पुस्तक सोबत घ्यावे, घरी काय लावले ते डॉक्टरांना सांगावे आणि जाण्यापूर्वी कुत्र्याला खायला घालू नये, कारण जखम साफ करण्यासाठी किंवा टाक्यांसाठी भूल द्यावी लागू शकते.