बसून काम केलं तरी पाय का दमतात, याची जुनी गोष्ट

मार्च एंडिंगला दिवसभर हिशोब जुळवून संध्याकाळी कमाटीबागेत पळायला गेलं की दुसऱ्याच राऊंडला पाय जड होतात, आणि घरचे म्हणतात बसूनच तर होतास, दमलास कशाने? हे मला खरंच लागतं, कारण हा प्रश्न सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे आणि त्याचं उत्तर आळस नाहीये.

इटलीत ट्युरिनला अँजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते, त्यांनी एर्गोग्राफ बनवला. हात पट्ट्यांनी जखडायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन, आणि ठोक्याठोक्याला बोट वाकवून ते उचलत राहायचं, प्रत्येक उचलीची रेघ कागदावर उमटायची आणि रेघा बुटक्या होत होत शेवटी बंद. त्यांचे सहकारी मॅग्गिओरा विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आले की त्या रेघा लवकर संपायच्या, काम डोक्याचं आणि दमलं बोट! मोस्सोंनी हे १८९१ च्या पुस्तकात लिहिलं.

पण नंतर सगळ्यांचं लक्ष स्नायूंकडे गेलं. १९०७ मध्ये केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्सनी बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक अ‍ॅसिड मोजलं, आणि मग दमणं म्हणजे अ‍ॅसिड हेच कित्येक वर्षं डोक्यात बसलं.

मोस्सोंचा धागा परत पकडला तो २००९ मध्ये, वेल्समधल्या बँगोर युनिव्हर्सिटीत सॅम्युएले मार्कोरांनी. १६ जणांना ९० मिनिटं कॉम्प्युटरवर सतत लक्ष ठेवायचं काटेकोर काम दिलं, दुसऱ्या दिवशी नुसती डॉक्युमेंटरी, आणि दोन्ही वेळा नंतर दम संपेपर्यंत सायकल. डॉक्युमेंटरीनंतर सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर ६४०. म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं गेली, आणि हृदयाचे ठोके, लॅक्टेट (त्या लॅक्टिक अ‍ॅसिडचंच रूप) यात असं काहीच नव्हतं ज्याने हे समजावं, फक्त तेवढंच पायडल मारणं सुरुवातीपासून जास्त जड वाटत होतं.

त्याआधी २००८ मध्ये कॅनडात हाताची पकड निम्म्या ताकदीवर धरायला लावली होती, तेव्हा डोक्याचं अवघड काम करून आलेल्यांच्या स्नायूंत विजेचे सिग्नल जास्त दिसले, म्हणजे तेवढ्याच पकडीसाठी शरीर जास्त जोर लावत होतं.

आमच्या ग्रुपमधला एक वजनं उचलणारा म्हणतो, मला रिटर्न भरून आल्यावरही काही वाटत नाही. त्याचंही बरोबरच आहे, एकदाच पूर्ण ताकद लावायची असेल तर या थकव्याने फारसा फरक पडत नाही असंच प्रयोगांत दिसलंय, मार बसतो तो दमाच्या कामाला.