दूध बाधते, ताक चालते : खानदेशातल्या दुधाची पार्श्वभूमी

खानदेशातली जुनी गुरे दुधासाठी नव्हे, औतासाठी पाळलेली. जळगावकडची निमाडी आणि तापीकाठची थिलारी, दोन्ही ओढकामाच्या जाती. कपाशीच्या काळ्या रानात बैलाला मोल, म्हणून गाईच्या दुधावर पहिला हक्क गोऱ्ह्याचा. उरलेले दूध विरजायचे, घुसळायचे, लोणी कढवायचे. तूप टिकते, बाजारात विकले जाते; ताक घरात राहते. नुसते दूध पेलाभर प्यायला मिळायचे ते लहान मुलाला, आजाऱ्याला नाहीतर पहिलवानाला. ज्यांच्या पोटाला दुधाने गुबारा धरतो, त्यांना ही रीत आपसूक सोयीची होती.

हा त्रास दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा. गाईच्या आणि म्हशीच्याही दुधात ती १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या आसपास असते. देशी गाईच्या दुधात ती कमी असते, हा समज चुकीचा आहे. दुधाला ए-वन आणि ए-टू म्हणतात, तो फरक प्रथिनाचा. साखर दोन्हींत सारखीच. लहान आतड्यातले लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) तिचे तुकडे करते. लहानपणी ते भरपूर असते, पुढे बहुतेकांत घटत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली की पाणी ओढून घेते, तिथले जीवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. अर्ध्या तासापासून काही तासांत पोट गुडगुडते, फुगते, मुरडा येतो, जुलाब होतात.

मोठेपणीही हे विकर टिकवून ठेवणारा जनुकीय बदल फिनलंडमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये ओळखला. पुढच्या दशकात भारतभरचे नमुने तपासले गेले. तोच बदल वायव्येत जास्त, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसा कमी आढळला. पशुपालक समूहांत त्याचे प्रमाण सहसा अधिक निघाले. खानदेश नेमका या उतारावर बसतो. तापी-गिरणेच्या खोऱ्यात प्रकाशे, बहाळ, सावळदे इथे ताम्रपाषाण काळापासून वस्ती आहे. शेजारच्या गुजरातेत, कच्छमधल्या कोटडा भडली इथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांत दुधाचे अंश सापडले आहेत. पशुपालक मानल्या जाणाऱ्या आभीरांचा राजा ईश्वरसेन याचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहे. अहिर, गुजर, ठेलारी, भिल्ल, पावरा, लेवा पाटील असे अनेक समाज या भागात शतकानुशतके शेजारी राहत आले. त्यामुळे एकाच गावात एकाला तांब्याभर दूध पचते आणि दुसऱ्याला अर्धा पेलाही जड जातो. जातीवरून मात्र अंदाज बांधू नये. सख्ख्या भावंडांतही फरक पडतो.

दूध प्यायची सवय वाढली ती दोन टप्प्यांत. १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली आणि विसाव्या शतकात चहाच्या प्रचाराने स्टेशने गाठली. चहात दूध थोडेच, कपाला ३०-४० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम २ ग्रॅम साखर. एवढ्याने सहसा काही होत नाही. खरी उलथापालथ केली ती ‘दूध महापूर’ (ऑपरेशन फ्लड) योजनेने. १९७० ते १९९६ या काळातल्या त्या योजनेने गावोगाव संकलन केंद्रे, शीतकरण आणि पिशवीतले दूध आणले. दूध रोजचे झाले आणि विरजायची निकड संपली. त्याच्या जोडीला निव्वळ दुधाचा चहा, दुधाच्या भुकटीची मिठाई आणि लग्नात वाटीवर वाटी बासुंदी आली. दूध आटवले म्हणून साखर उडत नाही; लिटरचे अर्धा लिटर केले की १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम भरते. खव्यात तर १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून जास्त.

दही वेगळे वागते. विरजणातले जीवाणू काही साखर खाऊन टाकतात, आणि उरलेल्या साखरेचे तुकडे करणारे स्वतःचे विकर ते आपल्या आतड्यापर्यंत घेऊन येतात. १९८४ च्या सुमाराच्या प्रयोगांत हे स्पष्ट झाले. म्हणून दही पूर्ण लागलेले हवे. अधमुऱ्या दह्यात साखर बरीच शिल्लक असते, आणि सकाळच्या घाईत तेच ताटात येते. एका वाटी दह्याला तीन वाट्या पाणी घालून घुसळलेल्या पेलाभर ताकात साधारण २ ग्रॅम साखर, तेवढ्याच दुधात १०. आयुर्वेदाने ग्रहणीत, म्हणजे पचन बिघडण्याच्या रोगात, ताकाची शिफारस केली आहे, ती या हिशोबाशी जुळते. साजूक तुपात लॅक्टोज जवळपास नाहीच. बट्टीवर ते बिनघोर घ्यावे.

फुनके-कढीचे मात्र नीट पाहावे लागते. कढी उकळताना जीवाणू मरतात, त्यांचे विकरही जाते. तरी कढी चालते ती पाण्याने पातळ झालेली असल्यामुळे. आणि फुनके म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले गोळे. डाळीतल्या साखरेनेही वायू धरतो, आणि दोष विनाकारण कढीला लागतो. आठवडाभराने नुसती कढी-भात खाऊन पाहिले की उत्तर मिळते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दूध घातलेला आमरस, कानबाईच्या सणात रोटांबरोबर खीर, हे भरल्या पोटी आणि वाटीभर घेतले तर बऱ्याच जणांना निभते, कारण जेवणाबरोबर साखर हळूहळू आतड्यात उतरते.

स्वतःचे प्रमाण शोधायचे तर दोन आठवडे दूध बंद ठेवावे. मग जेवणाबरोबर ५० मिलिलिटरने सुरुवात करून दर तीन-चार दिवसांनी तेवढेच वाढवत जावे. त्रास सुरू झाला की एक पायरी खाली यावे आणि तेवढे रोज घेत राहावे. जीवाणूंना सवय झाली की त्रास आणखी ओसरतो. दूध कायम बंद ठेवले तर कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी हाताशी हवीत. गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे हा प्रथिनाच्या ॲलर्जीचा प्रकार आहे. त्यात हा प्रयोग मुळीच करू नये. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर थेट डॉक्टर गाठावा. हगवणीनंतर काही आठवडे कोणालाही दूध बाधू शकते, आणि ते बहुधा आपोआप सुधारते.

१९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत उत्तरेकडच्या सुमारे २७ टक्के आणि दक्षिणेकडच्या सुमारे ६६ टक्के लोकांत लॅक्टोज न पचण्याची ही असहिष्णुता आढळली. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या काळी चाचणीत ५० ग्रॅमपर्यंत लॅक्टोज एका वेळी पाजायची रीत होती. ५० ग्रॅम म्हणजे लिटरभर दूध. नंतरच्या अभ्यासांत असेच बरेच लोक एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पेलाभर दूध, फारसा त्रास न होता पचवू शकले.