विमान केवढं, यापेक्षा दिवसातून किती वेळा?

नांदेडहून हैदराबादला किंवा मुंबईला विमानानं जायचं ठरलं, की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास विचारतं, "बारकं विमान हाय का मोठं?" बारकं म्हटलं की चेहरा पडतो. "लई हलतं म्हणे ते." २७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरांना विमानानं जोडणाऱ्या 'उडान' योजनेतली नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली ती ट्रूजेट कंपनीच्या एटीआर ७२ या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानानं. ज्यांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास त्यातून केला, त्यांनी कानात घुमणारा आवाज आणि ढगातले गचके घरी येऊन रंगवून सांगितले. त्या गप्पांमधून एक समज पक्का झाला: मोठं विमान चांगलं, लहान विमान तडजोडीचं. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्यासारखं आहे. मराठवाड्यासारख्या भागाच्या विमानसेवेचं भवितव्य बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

प्रवाशांना काय आवडतं हे नुसतं विचारून कळत नाही. स्वस्त, मोठं, आरामशीर, सगळंच हवं असं प्रत्येकजण सांगतो. म्हणून संशोधक लोकांसमोर पर्याय ठेवतात: सकाळी सातचं लहान विमान चार हजारांत, की दुपारी दोनचं मोठं विमान साडेतीन हजारांत? अशा शेकडो निवडींमधून कुठल्या गोष्टीसाठी माणूस किती पैसे आणि किती वेळ सोडायला तयार आहे, याचं गणित मांडता येतं. या गणिताचा पाया घालणाऱ्या डॅनिएल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. विमानप्रवासाला ही पद्धत लावली तेव्हा अमेरिकेतल्या अभ्यासांत चित्र साधारण असं दिसलं: बाकी सगळं सारखं असेल तर लोक पंख्याच्या विमानापेक्षा जेट पसंत करतात, आणि लहान जेटपेक्षा मोठं जेट. पण 'बाकी सगळं' क्वचितच सारखं असतं. भाडं, सुटण्याची वेळ, मध्ये विमान बदलावं लागतं की नाही, यांपुढे विमानाच्या आकाराचं वजन कमी पडतं.

आता हलण्याविषयी. लहान विमान जास्त हलतं हे खरंच आहे, तो मनाचा खेळ नाही. विमानाचं वजन त्याच्या पंखांच्या क्षेत्रफळावर वाटून पाहा. पूर्ण भरलेलं एटीआर ७२ सुमारे २३ टन, पंखांचं क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३७५ किलो. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर दिसणारं एअरबस ए३२० निओ जास्तीत जास्त ७९ टनांचं, तिथे हाच आकडा सुमारे ६४५ होतो. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-३००ईआरमध्ये तो ८०० च्या आसपास जातो. खालून वर येणारा वाऱ्याचा झोत पंखाला ढकलतो तेव्हा ज्या पंखावर भार कमी, ते विमान जास्त उसळतं.

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही. विमान जितकं वेगानं झोतात शिरतं तितका धक्का मोठा, आणि इथे एटीआर फायद्यात आहे, कारण ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं आणि जेट ८०० च्या वर. तोटा आहे तो उंचीचा. जेट दहा-अकरा किलोमीटरवर, विरळ हवेत जातं. एटीआर बहुधा पाच-सहा किलोमीटरवर राहतं, तिथली हवा जवळपास दुप्पट दाट. दाट हवेचा धक्काही जोरकस. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत काळी जमीन तापते, दुपारी तिच्यावरून गरम हवेचे लोट काही किलोमीटर वर चढतात. मोठं जेट हा थर काही मिनिटांत ओलांडून वर निघून जातं. पंख्याचं विमान त्याच थराच्या माथ्याजवळून बराच वेळ चालतं. सकाळी सहा-सातला मात्र हीच हवा शांत असते.

हवेत 'खड्डे' नसतात, हेही सांगायला हवं. नेहमीच्या गचक्यात विमान बहुतेक वेळा काही मीटरच वरखाली होतं. आपल्या आतल्या कानातली तोल सांभाळणारी इंद्रियं उंची मोजत नाहीत, वेगातला अचानक बदल टिपतात. खिडकीबाहेर स्थिर असं काही दिसत नसल्यानं मेंदू त्या बदलाला मोठी पडझड समजतो.

आवाजाचंही तसंच. एटीआरच्या पंख्याला सहा पाती असतात आणि तो मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला साधारण शंभर वेळा एकेक पातं विमानाच्या भिंतीजवळून जातं आणि हवेचा ठोका देतं. इतक्या खालच्या पट्टीतला आवाज पातळ भिंतीतून सहज आत येतो, कानाइतकाच छातीतही जाणवतो. माणूस तो आवाज 'जुनाट यंत्राचा' मानतो. प्रत्यक्षात पंख्यामागे जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं, आणि कमी अंतरावर ते जेटपेक्षा खूप कमी इंधनात काम भागवतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तिथे समज सगळ्यात चुकीचा आहे. एटीआर ७२ असो की साडेपाचशे टनांहून जड एअरबस ए३८०, दोन्हींना मोठ्या प्रवासी विमानांच्या एकाच नियमावलीतून पास व्हावं लागतं. धावपट्टीवर ठरावीक वेग गाठल्यावर एक इंजिन बंद पडलं तरी उड्डाण पूर्ण करता आलंच पाहिजे. अर्धे दरवाजे बंद ठेवून सगळ्या प्रवाशांना ९० सेकंदांत बाहेर काढता आलं पाहिजे. ए३८० ची ही चाचणी २००६ मध्ये हॅम्बुर्गला झाली, तेव्हा ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. लहान विमानाला यात कुठलीही सूट नाही. शरीराला जे अस्वस्थ करतं त्यालाच मन धोकादायक समजतं. हलणं आणि धोका या दोन गोष्टी मनात एकमेकींना चिकटतात, त्या सोडवायला हव्यात.

मला ज्याविषयी कळकळीनं सांगायचं आहे ते मात्र पुढेच आहे. समजा नांदेडहून मुंबईला रोज १८० प्रवासी जातात. एक ए३२० त्यांना एका फेरीत नेईल. सत्तर-पंच्याहत्तर जागांच्या विमानाला तीन फेऱ्या लागतील. लोकांना जायचं असतं ते सकाळी सहा ते रात्री दहा या सोळा तासांत कधीही. एकच फेरी असेल, आणि ती अगदी दुपारी दोनला ठेवली, तरी प्रत्येकाला हवी असलेली वेळ आणि विमानाची वेळ यांत सरासरी चार तासांचं अंतर पडतं. दोन फेऱ्या नीट वाटून ठेवल्या तर ते दोन तासांवर येतं, तीन फेऱ्यांत एक तास वीस मिनिटांवर. आकाशात सगळ्यात वेगवान जेट आणूनही चार तासांतले अडीच तास वाचवता येणार नाहीत, कारण नांदेड ते मुंबई सरळ अंतरच ४७० किलोमीटरच्या आसपास आहे. नांदेड-हैदराबाद तर अडीचशेच्या आत. इतक्या छोट्या टप्प्यात जेट आणि पंख्याचं विमान यांच्यात फरक पडतो तो दहा-पंधरा मिनिटांचा.

आपल्याकडे गावच्या फाट्यावर लोक हीच निवड रोज करतात. दुपारी एकदा येणारी एसटी ऐसपैस असते, तरी दर अर्ध्या तासाला सुटणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून माणूस तालुक्याला जातो, कारण त्याला कामं उरकून संध्याकाळी परतायचं असतं. कॅलिफोर्नियातले संशोधक वेनबिन वेई आणि मार्क हॅन्सन यांनी २००५ मध्ये विमान कंपन्यांच्या स्पर्धेबद्दल हेच दाखवलं: मोठं विमान आणण्यापेक्षा फेऱ्या वाढवल्या तर बाजारातला वाटा जास्त वाढतो.

मोठ्या विमानाचं अर्थशास्त्र खोटं आहे असं नाही. ते पूर्ण भरलं तर दर जागेमागचा खर्च कमी येतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी अमृतसरहून येणारे भाविक किंवा हजला निघणारे यात्रेकरू एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, मोठ्या संख्येनं जातात. त्यांना फेऱ्यांशी देणंघेणं नसतं, तिथे मोठंच विमान हवं. पण विमान भरलं नाही तर गणित उलटतं. प्रवाशांना मनापासून आवडलेल्या ए३८० चंही तेच झालं. शांत, स्थिर, ऐसपैस. तरी २५१ विमानं देऊन २०२१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, कारण रोज पाचशे प्रवासी एका वेळेला गोळा होणारे मार्ग जगात मोजकेच निघाले.

नांदेडला २०२४ मध्ये स्टार एअरची सेवा सुरू झाली ती एम्ब्राएर १७५ या ७६ जागांच्या जेटनं. मला हा मधला मार्ग चांगला वाटतो. ते उंचावरून जातं, पंख्याची घरघर नाही, आणि साध्या वर्गात दोन्ही बाजूंना दोन-दोनच खुर्च्या असल्यामुळे मधली सीट नावाचा प्रकारच नाही. ए३२० मध्ये तीन-तीनच्या रांगेत मध्ये अडकलेल्या प्रवाशापेक्षा इथला प्रवासी जास्त सुखी असतो. लातूरला नियमित सेवा हवी, अशी मागणी करताना 'बोइंग आणा' म्हणण्याऐवजी 'सकाळी एक आणि संध्याकाळी एक लहान विमान आणा' म्हणणं आपल्या जास्त हिताचं आहे. सकाळी मुंबईत जाऊन दवाखान्यातलं किंवा मंत्रालयातलं काम आटोपून रात्री घरी येता आलं, तरच विमानाचा उपयोग.

पंख्याच्या विमानाचं तिकीट निघालंच, तर उन्हाळ्यात सकाळची फेरी घ्या. गचक्यांचा त्रास होत असेल तर पंखांजवळची रांग बरी, कारण विमानाचा तोल तिथेच असतो आणि शेपटीकडे वरखाली जास्त होतं. आवाजाचा त्रास होत असेल तर मात्र मागे बसा. एटीआरमध्ये पंख्यांच्या रेषेतल्या पुढच्या रांगा सगळ्यात जास्त घुमतात. चढायचा दरवाजा मागेच असतो, त्यामुळे उतरताना तुमचा नंबरही आधी लागतो. डोक्यावरचे कप्पे लहान असतात, चाकांची मोठी बॅग त्यात मावत नाही, तेव्हा औषधं आणि कागदपत्रं वेगळ्या पिशवीत हाताशी ठेवा.