इन्व्हेंटरी स्कॅनचे वेळापत्रक

इन्व्हेंटरी स्कॅनचे वेळापत्रक : संस्थेतील संगणकांची आपोआप होणारी मोजदाद कर्मचाऱ्यांच्या कामाआड येऊ नये, यासाठी ठरवलेल्या वेळा व नियम. संगणकात प्रोसेसर कोणता, रॅम आणि डिस्क किती, अनुक्रमांक काय, कोणती सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीची बसवलेली आहेत, ही माहिती स्कॅन गोळा करतो आणि मध्यवर्ती सर्व्हरला पाठवतो. बहुतेक ठिकाणी हे काम प्रत्येक संगणकात बसवलेला ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्राम करतो. एजंट नसेल तर सर्व्हरच नेटवर्कवरून डब्ल्यूएमआय, एसएसएच किंवा एसएनएमपी या दुरून माहिती मागवण्याच्या पद्धतींमार्फत विचारणा करतो. ओसीएस इन्व्हेंटरी व जीएलपीआय ही मुक्त सॉफ्टवेअर आणि मायक्रोसॉफ्टचे कॉन्फिगरेशन मॅनेजर ही यातली परिचित साधने आहेत. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये हार्डवेअरच्या दोन नोंदींमधले अंतर, आपण बदलले नाही तर, ७ दिवसांचे असते. पहिल्या वेळी पूर्ण माहिती जाते, पुढे फक्त बदल जातात.

स्कॅनचा भार

हार्डवेअरचा तपशील आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज आपल्या नोंदी ठेवते त्या कोठारातील, सॉफ्टवेअरची यादी वाचणे हे हलके काम आहे. वापरणाऱ्याला ते सहसा जाणवतही नाही. त्रास होतो तो अख्ख्या डिस्कवरच्या फायली धुंडाळणाऱ्या स्कॅनचा. फिरती हार्ड डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच वाचू शकते, फिरता भाग नसलेली एसएसडी हजारो वेळा. त्यामुळे एकच स्कॅन नव्या संगणकावर कळत नाही आणि जुन्यावर ‘सिस्टीम हँग झाली’ अशी हाक येते. त्यात स्कॅनने उघडलेली प्रत्येक फाइल अँटिव्हायरसही तपासतो, म्हणजे काम दुप्पट होते. विंडोजवर डब्ल्यूएमआयमधल्या ‘विन३२_प्रॉडक्ट’ या वर्गाकडून सॉफ्टवेअरची यादी मागवणे हीदेखील वाईट सवय आहे. ती विचारणा नुसती यादी देत नाही. एमएसआय या विंडोजच्या इन्स्टॉलर पद्धतीने बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची पडताळणी सुरू करते. रजिस्ट्रीतून हीच माहिती क्षणात मिळते.

म्हणून आधी स्कॅन हलका करावा आणि मग घड्याळ पाहावे. फायलींची झडती ठरावीक फोल्डरांपुरती ठेवणे, ती कमी वेळा घेणे, प्रोग्रामला कमी प्राधान्याने चालवणे, एवढ्याने बऱ्याच तक्रारी वेळापत्रकाला हात न लावता मिटू शकतात.

‘रात्री चालवा’ या उत्तराची मर्यादा

रात्री सगळे घरी जातात, तेव्हा स्कॅन रात्री करावा, हे उत्तर सर्वांना आधी सुचते. आपल्याकडच्या कार्यालयांत ते अनेकदा फसते, कारण संध्याकाळी शेवटचा माणूस निघताना भिंतीवरच्या बोर्डाचे बटणच बंद करतो. शॉर्टसर्किटची भीती आणि विजेचे बिल ही दोन्ही कारणे खरी आहेत. एक डेस्कटॉप ६० वॅट घेतो असे धरले तर १२ तासांत ०.७२ युनिट जळते. ५० संगणक चालू ठेवले तर एका रात्रीत ३६ युनिट.

बंद संगणक नेटवर्कवरून जागा करण्यासाठी ‘वेक-ऑन-लॅन’ हे तंत्र आहे. त्यात १०२ बाइटचा संदेश पाठवला जातो : आधी ठरावीक ६ बाइट, मग त्या संगणकाचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, १६ वेळा. पण तो ऐकण्यासाठी नेटवर्क कार्डाला थोडी तरी वीज मिळत राहावी लागते. बोर्डाचेच बटण बंद असेल तर संदेश वाया जातो.

मग दुसरी अडचण उभी राहते. ‘वेळ चुकली तर संगणक चालू होताच स्कॅन कर’ अशी सोय ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये आहे, लिनक्सच्या सिस्टमडी टायमरमध्येही आहे. शनिवार-रविवारचे राहिलेले सगळे स्कॅन त्यामुळे सोमवारी सकाळी, लोक मेल उघडत असतानाच, एकदम सुरू होतात. जो त्रास टाळायचा होता तो आठवड्यातल्या सर्वांत गर्दीच्या तासात येऊन बसतो. दोन्ही प्रणालींत यादृच्छिक विलंब, म्हणजे प्रत्येक संगणकाला वेगळा, कसाही निवडलेला उशीर, देता येतो आणि तो दिलाच पाहिजे. ३०० संगणक, प्रत्येकाला ६ मिनिटे, असा हिशेब धरून सुरुवात २ तासांत विखुरली, तर एका वेळी सरासरी १५ संगणकच स्कॅनमध्ये असतात. सर्व्हर आणि नेटवर्क दोघांनाही ते झेपते.

नाशिकमधील कामाच्या वेळा

एकाच शहरात ‘कामाची वेळ’ किती वेगवेगळी असते, हे नाशिकमध्ये चांगले दिसते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. जेवणाची सुट्टी दुपारी १ ते २ या वेळेत जास्तीत जास्त अर्ध्या तासाची. नाशिक रोडचे विभागीय आयुक्त कार्यालय असो वा जिल्हाधिकारी कार्यालय, या तासात संगणक चालू असतो आणि माणूस डब्यापाशी असतो. हलक्या स्कॅनला याहून चांगली वेळ नाही. मात्र सगळे एकाच वेळी उठत नाहीत, म्हणून ‘१० मिनिटे माऊस-कीबोर्ड हलला नाही तरच सुरू हो’ अशी अट जोडावी. मार्चअखेर बिले कोषागारात पोचवण्याची धावपळ असते; ते दोन आठवडे जड स्कॅनला मनाईच असावी.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत चित्र वेगळे आहे. जनरल शिफ्टच्या ऑफिसला रात्र असते, पण शॉप फ्लोअरवरचा संगणक तिन्ही शिफ्टना लागतो. शिफ्ट बदलताना तो रिकामा असेल असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात उत्पादनाचा आकडा, रिजेक्शन आणि पुढच्या शिफ्टसाठीची नोंद त्याच वेळी भरली जाते, रांग लावून. अशा ठिकाणी वेळ सुपरवायझरला विचारूनच ठरवावी. बहुधा ती शिफ्टच्या मध्यावर निघते. यंत्रे चालवणारे पीएलसी नियंत्रक आणि त्यांवर देखरेख ठेवणारे स्काडा संगणक यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नेटवर्कवरून केलेली जोरकस चाचपणी जुन्या पीएलसीला अडकवू शकते, आणि तेव्हा फाइल उशिरा उघडण्यावर भागत नाही, लाइन थांबते. ही उपकरणे नेहमीच्या वेळापत्रकातून वगळून साप्ताहिक सुट्टीला किंवा दिवाळीच्या शटडाउनमध्ये, मेंटेनन्सचा माणूस समोर असताना तपासणे योग्य. खंडेनवमी-दसऱ्याला यंत्रांबरोबर संगणकांचीही पूजा होते आणि काम थांबलेले असते. तो दिवस सोयीचा वाटला तरी तेव्हा दुरुस्तीला माणूस मिळत नाही.

अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कार्यालयांत सगळेच उलटे. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०. तिथे रात्रीचा स्कॅन ऐन कामात घुसतो. मोकळी वेळ दुपारची. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिथले घड्याळ बदलते, तेव्हा इथले वेळापत्रकही तासाने सरकवावे लागते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउसला तर ऋतूच विचारात घ्यावा लागतो. निर्यातीच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, पॅकिंग रात्री उशिरापर्यंत चालते आणि लेबल छापणारा संगणक थांबला तर पेट्या अडतात. तिथली सविस्तर मोजदाद हंगामाआधीच उरकावी.

वारंवारता, अपवाद आणि पडताळणी

सीआयएस कंट्रोल्स या सायबर सुरक्षेच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत नेटवर्कवरील उपकरणे शोधणारे साधन रोज चालवावे असे म्हटले आहे. याचा अर्थ प्रत्येक डिस्क रोज झाडून काढावी असा नाही. उपकरण जागेवर आहे का हे रोज, सॉफ्टवेअरची यादी रोज किंवा दिवसाआड, हार्डवेअर आठवड्याला आणि फायलींची झडती महिन्याला, ही विभागणी बहुतेक कार्यालयांना पुरते.

धोका दारात असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतील त्रुटी उघड झाली, तेव्हा ती फाइल कुठल्या संगणकात आहे हे शोधण्यासाठी डिस्क भरदिवसा तपासण्यावाचून पर्याय नव्हता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. इतक्या वेळात संध्याकाळची वाट पाहता येत नाही. अशा वेळी ‘आज ११ ते १ संगणक मंद चालतील, बंद करू नका’ असा निरोप विभागांना आधी द्यावा. निरोप न मिळालेला माणूस अडकलेला संगणक बटण दाबून बंद करतो आणि स्कॅन अर्धवट राहतो.

वेळ बरोबर निवडली का, हे सर्व्हरवरच्या ‘शेवटचा संपर्क’ या रकान्यात दिसते. ३० दिवसांहून जुनी तारीख असलेले संगणक विभागवार लावून पाहावेत. ते सगळीकडे विखुरलेले असतील तर बिघाड किंवा धूळ खात पडलेली यंत्रे असण्याची शक्यता अधिक. एकाच विभागात गोळा झाले असतील तर तिथली वेळ चुकली आहे, आणि संगणक केव्हा चालू असतो हे त्या विभागातल्या लोकांना जाऊन विचारावे लागते.