साखर, तंबाखू आणि धमनीचं अस्तर

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. वाहत्या रक्ताचं घर्षण जाणवलं की या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात धमनीचा स्नायू सैल पडतो आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणारे कण) भिंतीला चिकटत नाहीत. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. तंबाखूतलं निकोटिन आणि रक्तातली वाढलेली साखर दोन्ही याच वायूच्या मुळावर येतात.

आधी साखर. स्नायूच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिन लागतं; एंडोथेलियमला लागत नाही. रक्तात साखर वाढली तरी या पेशींना आपलं दार पुरेसं लोटून घेता येत नाही, म्हणून पेशीच्या आतही ती वाढते. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावर ताण येऊन सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप, गळू लागतं. ते नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच गाठतं आणि दोघांचं मिळून पेरॉक्सिनायट्राइट हे दाहक रसायन बनतं. ते वायू बनवणाऱ्या एन्झाइमचा सहायक रेणूच खराब करतं. मग तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बनवू लागतं. खरं नुकसान इथे होतं, कारण बिघाड आता स्वतःलाच वाढवत जातो.

निकोटिन दुसऱ्या वाटेनं येतं. ॲसिटिलकोलिन या चेतासंदेशक रसायनासाठी पेशींवर असलेल्या ग्राहकांना (रिसेप्टर) ते चिकटतं, ॲड्रेनलिन वाढवतं, नाडी आणि रक्तदाब चढवतं. पेशीतलं सुपरऑक्साइडही वाढतं. शिवाय इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणजे साखर आणखी चढते. बिघडलेल्या अस्तरावर चिकट प्रथिनं उगवतात, त्यांना पांढऱ्या पेशी अडकतात, आत शिरून कोलेस्टेरॉल गिळतात आणि भिंतीत मेदाचा थर साचू लागतो.

बशीत वाढवलेल्या पेशींवरच्या प्रयोगांतले आकडे मात्र जपून वाचावेत. तिथे ‘जास्त साखर’ म्हणजे बहुधा लिटरमागे 25 मिलिमोल, म्हणजे 450 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. सामान्य पातळी 5.5 मिलिमोल, सुमारे 100. निकोटिन लिटरमागे 1 मायक्रोमोल घातलं तर ते 162 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात ते साधारण 10 ते 50 नॅनोग्रॅम असतं. आणि मॅनिटॉल (द्रावण तेवढंच घट्ट करणारा, पण पेशीत न शिरणारा पदार्थ) घातलेली तुलनेची बशी नसेल, तर परिणाम साखरेचा की नुसत्या घट्ट द्रावणाचा, हे कळतच नाही.

धूर नाही म्हणजे हृदय सुरक्षित, हा समज आपल्याकडे फार घातक ठरतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते, तर तंबाखू, मशेरी, खर्रा असं धूरविरहित काही वापरणारे 24.4 टक्के. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यांना टळतो, निकोटिन टळत नाही. गालात धरलेल्या तंबाखूतून ते बराच वेळ झिरपत राहतं, आणि रक्तातलं निम्मं उतरायला सुमारे 2 तास लागतात. दिवसातून सहा वेळा बार भरणाऱ्याचं अस्तर जागेपणी क्वचितच निकोटिनमुक्त असतं.

तंबाखू सोडताना निकोटिन गम वापरला तर तेही निकोटिनच, हे खरं. पण ते हळू चढतं आणि साधारण 12 आठवड्यांत कमी करत थांबवायचं असतं. 2 की 4 मिलिग्रॅम, हे डॉक्टर ठरवतील. सतत चघळू नये: झिणझिण्या आल्या की गालात ठेवावा, ओसरल्या की पुन्हा चावावा. त्याआधी 15 मिनिटं चहा-कॉफी टाळावी, आम्लामुळे निकोटिन शोषलं जात नाही. मधुमेह असेल तर या आठवड्यांत साखर जास्त वेळा तपासावी; वजन वाढून ती चढू शकते, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये उतरूही शकते, कारण त्वचेखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्यावर ते लवकर शोषलं जातं.