उमेदवारी, इंटर्नशिप, ओजेटी: एका जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

राज्यातल्या नव्या पदवी आराखड्यात तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रातल्या २२ श्रेयांकांपैकी (क्रेडिटपैकी) ४ श्रेयांक ‘ऑन जॉब ट्रेनिंग’साठी, म्हणजे ओजेटीसाठी राखलेले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. इतिहास घेतलेली मुलगी असो की संख्याशास्त्र घेतलेला मुलगा, एवढे दिवस कॉलेजबाहेर कुठल्यातरी कामाच्या ठिकाणी काढायचे. स्वायत्त महाविद्यालयांत हा आराखडा २०२३-२४पासून आला, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून. पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४पासूनच दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांची ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. त्यामुळे ‘सर, ओजेटी कुठं करू?’ हा प्रश्न तालुक्याच्या कॉलेजातही ऐकू येऊ लागला आहे.

प्रश्न ‘कुठं’चा आहे तसाच ‘कशासाठी’चाही आहे. त्याची उत्तरं आजवर वेगवेगळी दिली गेली. नोकरी मिळावी म्हणून, हाताला कसब यावं म्हणून, कारखान्यांना माणसं मिळावीत म्हणून. ‘आपल्याला हे काम आवडतं का, जमतं का, हे पाहून यायला’ असं उत्तर मात्र कोणत्याही टप्प्यावर कागदावर ठळकपणे आलं नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं असलेलं हेच उत्तर का गळत गेलं, ते समजायचं तर आधी एका शब्दाकडे पाहावं लागतं.

तो शब्द म्हणजे उमेदवार. फारसीतला ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांमध्ये असे उमेदवार असत. पगार नाही, नेमणूक नाही, पण रोज यायचं, कारकुनाच्या शेजारी बसून नकला करायच्या, टिपणं काढायची, आणि जागा रिकामी झाली की आपला विचार होईल या आशेवर महिनेच्या महिने काढायचे. निवडणुकांमुळे हा शब्द आज पार वेगळ्या अर्थाने कानावर पडतो. तरी घरातली वडीलधारी माणसं ‘आमचे उमेदवारीचे दिवस’ म्हणतात तेव्हा त्यांना हाच जुना अर्थ अभिप्रेत असतो. १९६१च्या ‘अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट’ या कायद्याचं मराठी नावही ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असंच पडलं. ‘अ‍ॅप्रेंटिस’ या इंग्रजी शब्दात शिकण्यावर भर आहे. मराठीत ‘शिकाऊ’ हे विशेषण झालं आणि नाम राहिलं ‘उमेदवार’. शब्दातच नोकरीची आशा बसलेली असेल, तर कामाच्या ठिकाणी गेलेला मुलगा नुसतं पाहायला आला आहे, उद्या ‘हे माझं काम नव्हे’ म्हणून परतही जाईल, हे ना त्याच्या घरच्यांना पटतं ना मालकाला.

‘इंटर्न’ शब्द आपल्याकडे रुळला तो इस्पितळांतून. एमबीबीएसनंतरचं सक्तीचं वर्ष म्हणजे इंटर्नशिप, हे सगळ्यांना माहीत आहे. चार्टर्ड अकाउंटंटची आर्टिकलशिप अशीच, कित्येक वर्षं तीन वर्षांची होती, २०२३मध्ये दोन वर्षांवर आली. दोन्हीकडे वाट आधीच ठरलेली असते. डॉक्टर व्हायचं की नाही, हे इंटर्नशिपमध्ये ठरवायचं नसतं.

त्याहून मागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५०चा पहिला अ‍ॅप्रेंटिस कायदा प्रामुख्याने अनाथ आणि गरीब मुलांसाठी होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने एखाद्या धंद्यात बांधून देता येई. गांधीजींच्या १९३७च्या नई तालीमने हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला. १९४७मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या कॉलेजाने ‘कमवा व शिका’ महाविद्यालयीन पातळीवर नेलं. त्या योजनेने हजारो मुलांचं शिक्षण झालं आणि तिच्याबद्दल कृतज्ञताच वाटते, पण तिथलं काम फी आणि जेवण भागवण्यासाठी होतं, करिअर चाचपण्यासाठी नव्हे. १९६४-६६च्या शिक्षण आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. तो शाळेत कसा पोहोचला ते आपल्यापैकी बहुतेकांच्या स्मरणात आहे: क्रेप कागदाची फुलं, खडू तयार करणं आणि निकालपत्रावर एक श्रेणी.

खरा निर्णायक टप्पा १९६१चा. त्या कायद्याच्या कलम १८ने ठरवलं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारांविषयीचे कायदे त्याला लागू नाहीत. सुरक्षेचे आणि अपघात-भरपाईचे नियम तेवढे त्याला लागू ठेवले. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधनही मालकावर टाकलं नाही. त्या काळचा हिशेब समजण्यासारखा आहे. नवे कारखाने उभे राहत होते, फिटर-टर्नर हवे होते, आणि कायम कामगाराची सगळी जबाबदारी पहिल्या दिवसापासून गळ्यात पडणार असेल तर कोणीच मुलांना आत घेणार नाही, अशी भीती होती. पण या एका वाक्याने पुढच्या सहा दशकांचा साचा घडवला. मुलगा काम करतो, पण कामगार नाही. तो शिकतो, पण विद्यार्थीही नाही. त्याला मिळतं ते वेतन नव्हे, ‘विद्यावेतन’.

माझ्या मते या कलमाचं वजन आजही पुरेसं ओळखलं जात नाही. ‘कामगार नाही’ हे कायद्याने स्पष्ट केलं. ‘मग तो कोण, आणि त्याला शिकवायचं कोणी?’ याचं उत्तर कागदावर प्रशिक्षण अधिकारी आणि अभ्यासक्रमाच्या रूपात होतं. प्रत्यक्षात ते यंत्रावर उभ्या असलेल्या जुन्या कामगाराच्या मर्जीवर राहिलं. ज्याला चांगला उस्ताद मिळाला तो शिकला. ज्याला नाही मिळाला त्याने वर्षभर चिंध्यांनी मशीन पुसलं.

या साच्याचा ताण अधूनमधून रस्त्यावर येत राहिला. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बाकी सगळं समान असेल तर थेट भरतीत प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. म्हणजे हक्क नाही, पण आशा आहे. २० मार्च २०१८ला सकाळी ऐन गर्दीच्या वेळी मध्य रेल्वेवर दादर-माटुंग्यादरम्यान रुळांवर जी मुलं बसली, ती ‘अ‍ॅक्ट अ‍ॅप्रेंटिस’, म्हणजे १९६१च्या कायद्याखाली प्रशिक्षण घेतलेली होती. रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या या मुलांना भरतीतला २० टक्क्यांचा कोटा पुरेसा वाटत नव्हता. काही तास लोकल बंद राहिल्या. त्या दिवशी खोळंबलेल्या मुंबईकरांना या मुलांचा राग आला असेल, पण ‘उमेदवार’ शब्दाचा जुना अर्थ त्यांनी अगदी सरळ घेतला होता.

या सगळ्यात कॉलेजचा साधा विद्यार्थी कुठे होता? बराच काळ दाराबाहेर. १९७३च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक कायद्यात आले, १९८६मध्ये बारावीच्या व्यवसाय शाखेची मुलं आली. कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवीधरांसाठी दार उघडायला २०१४ उजाडलं. म्हणजे ५३ वर्षं. २०१६मध्ये विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १५०० रुपये, सरकारने उचलायची योजना आली. २०१९च्या नियमांनी ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक केलं आणि पदवीधराचं किमान विद्यावेतन ९००० रुपये ठरवलं.

इथे शब्दांचा गुंता आणखी वाढतो. अ‍ॅप्रेंटिसशिपला कायदा आहे, करार आहे, किमान रक्कम आहे. कॉलेजच्या इंटर्नशिपला असा स्वतंत्र कायदा नाही. ती विद्यापीठाच्या परिपत्रकावर आणि संस्थेच्या पत्रावर चालते, आणि पैसे मिळतीलच असं नाही. ‘ओजेटी’ तिसरीच. मराठी माणसाने हा शब्द आधी ऐकला तो किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रमातून. अकरावी-बारावीला हा अभ्यासक्रम घेतलेली मुलं गॅरेजमध्ये, प्रयोगशाळेत, दुकानात ‘ओजेटीला’ जात. तिथून तो शब्द २०२३च्या पदवी आराखड्यात आला, पण त्याच्यासोबत ना ती कार्यशाळा आली ना तो शिक्षक. पालकांना मात्र तिन्ही शब्द एकच वाटतात आणि ते पहिल्याच भेटीत विचारतात, ‘स्टायपेंड किती?’

२०१८पासून अभियांत्रिकीत इंटर्नशिपला तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमातच श्रेयांक मिळाले, चार वर्षांत ६०० ते ७०० तासांची अपेक्षा धरली गेली. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना ते झेपलं, कारण कंपन्या शेजारी होत्या. लांबच्या कॉलेजांतली मुलं सुट्टीत पुण्याला येऊन कॉटबेसिसवर राहिली, काहींनी पैसे भरून ‘इंटर्नशिप’ विकत घेतली. २०२०च्या टाळेबंदीत हा बाजार आणखी फुगला. व्हिडिओ पाहा, प्रश्नमंजुषा सोडवा, प्रमाणपत्र घ्या. कामाची जागा, माणसं, वेळेवर पोहोचण्याचा ताण, साहेबाचा स्वभाव, यातलं काहीही न अनुभवता.

त्याच वर्षी, २९ जुलै २०२०ला, राष्ट्रीय शिक्षण धोरण मंजूर झालं. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा पदवीचा श्रेयांक आराखडा आणि जानेवारी २०२४मध्ये इंटर्नशिपच्या मार्गदर्शक सूचना आल्या. या सूचनांमध्ये पदवीच्या इंटर्नशिपचे दोन प्रकार आहेत: रोजगारक्षमता वाढवणारी आणि संशोधनाची दृष्टी घडवणारी. दोन्ही चांगल्याच. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मुळात आपण कुठे बसतो हेच कळलेलं नसतं. नुसतं पाहून, चाचपून, प्रसंगी नकार घेऊन परत येण्यासाठी तिसरा प्रकार त्या कागदावर नाही.

२०२४च्या उन्हाळ्यानंतर तर सगळं लक्ष विद्यावेतनाकडे गेलं. ९ जुलैच्या शासन निर्णयाने राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावी उत्तीर्णाला ६०००, आयटीआय-पदविकाधारकाला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये दरमहा, मुदत सहा महिने. पुढच्या वर्षी ती अकरा महिन्यांवर गेली आणि प्रशिक्षणार्थी कायम नेमणुकीची मागणी करू लागले. कचेरीतला जुना उमेदवार पुन्हा कचेरीतच उभा राहिला. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात केंद्राची योजना जाहीर झाली: पाच वर्षांत एक कोटी तरुण, ५०० मोठ्या कंपन्या, दरमहा ५००० रुपये. सुरुवातीला वयाची अट होती २१ ते २४, आणि पूर्णवेळ शिक्षण घेणारा चालणार नव्हता. म्हणजे ‘इंटर्नशिप’ नावाची एवढी मोठी योजना आली तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या मुलासाठी नव्हतीच.

मार्गदर्शकाची, म्हणजे मेंटॉरची गोष्ट याला समांतर चालली. चांगले प्राध्यापक मुलांना घरी बोलावून, चहा पाजून, कोणाला कुठे पाठवायचं हे नेहमीच करत आले. त्याला तेव्हा नाव नव्हतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या २०१७च्या सुधारित पद्धतीत मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं गुणोत्तर विचारलं जाऊ लागलं आणि प्रत्येक कॉलेजात नोंदवह्या तयार झाल्या. पुण्याकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांत ‘जीएफएम’ (गार्डियन फॅकल्टी मेंबर), इतरत्र ‘पालक प्राध्यापक’. वहीचं पान सगळीकडे साधारण सारखंच: नाव, रक्तगट, आईवडिलांचे मोबाइल, बारावीचे गुण, हजेरी, आणि खाली ‘अडचणी’ व ‘सल्ला’ असे दोन रकाने. सल्ल्याच्या रकान्यात सत्रभराच्या चार भेटी एकाच शाईने, एकाच दिवशी भरलेल्या मी पाहिल्या आहेत: ‘नियमित अभ्यास करावा.’ हा दोष एकेकट्या प्राध्यापकाचा नाही. तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत पळणाऱ्याला कुठल्या मुलाशी निवांत बोलायला वेळ मिळणार? तरी नुकसान व्हायचं ते होतंच.

ओजेटीने या दोन वाटा एकत्र आणल्या. आता कामाच्या ठिकाणी एक मार्गदर्शक आणि कॉलेजात एक, अशी रचना आहे. ती जिथे जमते तिथे काय होतं, याचं एक उदाहरण जवळून पाहिलं. अर्थशास्त्रात एम.ए. करणारी एक मुलगी पतसंस्थेत गेली. बँकिंगची परीक्षा द्यायची, हे तिचं बारावीपासून ठरलेलं. पहिला आठवडा केवायसीच्या झेरॉक्स फायलींना लावण्यात आणि पिग्मीच्या पावत्या जुळवण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात वसुली अधिकाऱ्याबरोबर थकबाकीदारांच्या दारात जावं लागलं. एका घरी म्हातारीने पाणी दिलं आणि मुलगा बाहेरगावी गेलाय म्हणून सांगितलं. तो आतल्या खोलीत बसलेला दारातून दिसत होता. संध्याकाळी तिने दैनंदिनीत लिहिलं की हे काम मला जमणार नाही, पण लोक कर्ज का फेडू शकत नाहीत हे मला शोधायचंय.

तिथल्या व्यवस्थापकाने ते वाचलं, तिला समोर बसवून अर्धा तास बोलले, आणि उरलेले दिवस जुन्या थकीत खात्यांच्या फायली तिच्या पुढ्यात ठेवल्या. कोणत्या महिन्यात हप्ते चुकतात, उसाच्या बिलाशी त्याचा काय संबंध, हे ती वहीत मांडत गेली. कॉलेजातल्या मार्गदर्शकाने मात्र अंतिम अहवाल तपासताना ‘हे काम मला जमणार नाही’ या ओळीवर काट मारली. अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात शेवटचा मुद्दा ‘प्रशिक्षणाचे फायदे’ असा होता, आणि तिथे ही ओळ कुठे बसवायची हे त्यांनाही कळेना. तिने काटलेल्या ओळीच्या वर ‘बँकिंग क्षेत्राचा उपयुक्त अनुभव मिळाला’ असं लिहून दिलं. दैनंदिनीची वही मात्र तिने जमा केली नाही.

संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ला पदवीला आलेली तुकडी २०२६-२७च्या दुसऱ्या सत्रात ओजेटीला निघते. ती संख्येने आधी ओजेटीला गेलेल्या तुकड्यांपेक्षा मोठी आहे, आणि अहवालाचा नमुना बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर वर्गांचाच पुढे चालवला जाईल अशी चिन्हं आहेत.