पेस्टो परतायचा नसतो: हरियालीचं वाटण आणि क्रीमी चिकन पास्त्यातला पेस्टो

आता पेस्टोची, म्हणजे बेसिल नावाच्या सुगंधी पानांच्या इटालियन हिरव्या सॉसची, बाटली आपल्याकडंही मिळायला लागलीय, संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या मोठ्या दुकानांत असते, नसली तर ऑनलाइन मागवता येते, आणि पोरांच्या हट्टापायी घरोघरी क्रीमी चिकन पेस्टो पास्ता व्हायलाय. लई चांगली गोष्ट आहे, अर्ध्या तासात होणारं जेवण आहे आणि पोटभरीचं आहे. पण जिथं बघावं तिथं एकच प्रकार चालू आहे, कढईत तेल, तेलात कांदा, आलं-लसूण पेस्ट, आणि त्यावर तो महागाचा पेस्टो घालून तेल सुटेपर्यंत परतायलेत. अहो, ते हरियाली चिकनचं वाटण नाही. दोन्ही हिरवे, दोन्ही मिक्सरमधून निघालेले, दोन्हीत लसूण, दोन्ही चिकनसोबत, त्यामुळं गोंधळ होतो हे कळतं मला, पण या गोंधळात चांगल्या पेस्टोची पार माती होते म्हणून सविस्तर लिहायलो.

हरियालीचं तुम्हाला मी काय सांगावं. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आलं, भरपूर लसूण, दही, लिंबू, रंगासाठी कुणी पालक घालतं. चिकनला चोळायचं, मुरवायचं, कांदा परतून त्यात टाकायचं आणि झाकण ठेवून शिजवायचं. हे येतं सगळ्यांना, पुढं जाऊ.

पेस्टो इटलीतल्या जेनोव्हा शहराचा, लिगुरिया भागातला. त्यात बेसिलची पानं, पाइन नट (चिलगोज्यासारख्या बिया), लसूण, जाडं मीठ, दोन प्रकारचं खारट कडक चीज (गाईच्या दुधाचं पार्मेजान आणि मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो) आणि ऑलिव्ह ऑइल. मिरची नाही, आलं नाही, दही नाही, लिंबू नाही. जुनी पद्धत म्हणजे संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं कुटायचं. तिकडं तो त्रोफिये नावाच्या पिळदार पास्त्याला लावतात, सोबत उकडलेला बटाटा आणि फरसबी असते. चिकन आणि क्रीम ही नंतरची, बाहेरची भर आहे, पण मला ती आवडते आणि त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. त्या जुन्या पद्धतीतलं एक मात्र सोडायचं नाही, तिथं पेस्टो चुलीवर चढतच नाही. गरम पास्ता निथळून भांड्यात घेतात, त्यावर पेस्टो घालून पास्त्याच्याच चमचाभर पाण्यानं सैल करतात. संपलं.

आता खरा घोळ कुठं होतो ते सांगतो. आपल्या हाताला आणि डोळ्याला एक खूण लहानपणापासून पक्की बसलेली आहे, तेल सुटलं की मसाला झाला. कांदा-खोबऱ्याचं वाटण असो, काळ्या मसाल्याचा रस्सा असो, हरियाली असो, कडेनं तेल दिसायला लागलं की आपण निश्चिंत होतो, आणि ती खूण बरोबरच आहे. कारण वाटणात पाणी असतं, कोथिंबीर-पुदिन्याचं, कांद्याचं, दह्याचं, ते पाणी आटेपर्यंत तेल त्यातच अडकून असतं, पाणी गेलं की तेल मोकळं होतं आणि त्या वेळात आलं-लसणाचा उग्रपणाही गेलेला असतो. वाटणाची चव आचेवरच तयार होते, कच्चं वाटण चाटून बघितलं तर जीभ सोलून निघते.

पेस्टोत तेल आधीपासूनच आहे आणि तेही भरपूर. ते पान, चीज आणि नट यांच्या बारीक चुऱ्यात मिसळून दाटसर झालेलं असतं, आणि तेच मिसळलेपण म्हणजे तयार पेस्टो. म्हणजे बाटली उघडली तेव्हा पदार्थ झालेला होता. त्याला कढईत आच दिली की तेल सुटतं खरं, पण इथं तेल सुटणं म्हणजे पदार्थ फाटणं. खूण तीच, अर्थ बरोबर उलटा. जो जितका चांगला स्वयंपाक करणारा, तितका तो या खुणेवर विश्वास टाकून जास्त वेळ परततो, आणि म्हणून ही चूक नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या हातांकडूनच जास्त होते.

कढईत नेमकं काय होतं ते जवळून बघा. पहिल्या अर्ध्या मिनिटात घरभर मस्त वास सुटतो, सगळे म्हणतात वा. पण बेसिलचा सुगंध उडून जाणारा असतो, जो वास हॉलपर्यंत गेला तो ताटात काही येणार नाही. मग रंग जातो. पानाचा हिरवा रंग क्लोरोफिलचा, त्या क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो, उष्णता आणि आंबटपणा मिळाला की तो निसटतो आणि हिरव्याचं शेवाळी, शेवाळीचं खाकी होतं. हरियालीतही हे होतंच, तिथं आपल्याला त्याचं काही वाटत नाही कारण चव मसाल्यात असते, इथं मात्र सगळी चव पानातच आहे. आणि तिसरं चीज. आच लागली की चीजमधलं प्रोटीन आवळून येतं, तूप बाहेर टाकतं आणि त्याच्या रबरासारख्या गुठळ्या होऊन उलथन्याला चिकटतात. शेवटी कढईत काय उरतं तर पिवळट तेल, त्यात तरंगणारा काळपट चोथा आणि गुठळ्या. मग लोक म्हणतात पेस्टो आपल्या जिभेला चालत नाही.

यावर हमखास प्रश्न येतो. आमच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पण कच्चंच घातलं तर लसूण कच्चा लागंल की हो." रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की लसूण लागतो किती ते बघा. हरियालीत आपण आख्खा गड्डा घालतो, पेस्टोत पन्नास ग्रॅम पानांना एक पाकळी, फार तर दीड. इतका कच्चा लसूण चालतो, किंबहुना तोच पाहिजे. तरी नकोच वाटत असेल तर पाकळी सालासकट तव्यावर दोन-तीन मिनिटं शेकून घ्या आणि मग वाटा, पण पेस्टो परतू नका. भाकरीवर चटणी घेऊन वरून कच्चं करडईचं तेल ओततो तेव्हा आपण कुठं ते तेल तापवून घेतो, तसं समजा हे.

आता पास्ता. दोघा-तिघांसाठी २०० ग्रॅम पेने (नळीसारखा पास्ता) किंवा फुसिली (पिळाचा), २५० ग्रॅम बोनलेस चिकन, १०० मिली क्रीम, तीन-चार मोठे चमचे पेस्टो. पाणी आधी चढवा कारण सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो, १०० ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि दहा ग्रॅमच्या आसपास मीठ. पाण्यात तेल घालायचं नाही, कशासाठी घालतात देव जाणे, त्यानं फक्त सॉस घसरतो. पाकिटावर जी मिनिटं दिलीत त्याच्या एक मिनिट आधी काढायचा. पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आपला बन्सी गहू म्हणजे ड्युरमच, ज्या घरात बन्सीच्या शेवया होतात त्यांना वेगळं सांगायला नको की हा गहू शिजूनही दाताला लागतो, आणि तसाच लागला पाहिजे. पाणी ओतून देण्याआधी वाटीभर काढून ठेवा, हे विसरू नका.

पास्ता शिजतोय तोवर चिकन. त्याला मीठ आणि मिरपूड, बस. हळद नाही, आलं-लसूण पेस्ट नाही, गरम मसाला तर नाहीच नाही. आणि चिकन पेस्टोत मुरवू नका, ही पण हरियालीचीच सवय, मुरवलेलं चिकन तव्यावर टाकलं की आधी चीज आणि पान जळतं आणि आत चिकन कच्चंच राहतं. चिकन पुसून कोरडं करायचं, पसरट पॅन चांगला तापवायचा, थोड्या तेलावर तुकडे सुटे सुटे मांडायचे आणि दोन-तीन मिनिटं त्यांना हात लावायचा नाही. खालून तांबूस झाले की उलटायचे. सगळं मिळून सहा-सात मिनिटांत होतं, एक तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसला नाही पाहिजे, थर्मामीटर असेल तर ७४ डिग्री. मला छातीपेक्षा मांडीचं बोनलेस जास्त आवडतं, छातीचं दोन मिनिटं जास्त झालं की सुतळीसारखं लागतं.

चिकन झालं की त्याच पॅनमध्ये आच बारीक करून क्रीम घाला आणि तळाला जे तांबूस चिकटलंय ते खरवडून क्रीममध्ये मिसळा, चिकनची खरी चव तिथं आहे. आपल्याकडं खोक्यात मिळणाऱ्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं, परदेशी व्हिडिओतल्या क्रीममध्ये ३५च्या वर, त्यामुळं ते लोक खळाखळा उकळतात तसं आपलं उकळू नका, फाटतं. नुसतं कडेनं बुडबुडे यायला लागले की पुरे. निथळलेला पास्ता आणि पाव वाटी पास्त्याचं पाणी घाला, हलवा, त्या पाण्यातल्या स्टार्चमुळं क्रीम पास्त्याला धरून राहतं.

आणि आता गॅस बंद. बारीक नाही, बंद. पॅन ओट्यावर उतरवा, बुडबुडे पूर्ण थांबू द्या, मिनिटभर हलवत रहा, आणि मग पेस्टो. घालून वर-खाली करा, दाट वाटला तर अजून चमचाभर पाणी. मीठ सगळ्यात शेवटी चाखून, कारण चीज खारट असतं आणि पास्त्यातही मीठ आहे. रंग हिरवागार राहिला पाहिजे, कच्च्या कैरीच्या सालीसारखा नाही झाला तरी खाकी होता कामा नये. करून ठेवू नका, माणसं ताटावर बसली की मगच पेस्टो घाला.

बाटलीतला पेस्टो टिकण्यासाठी कारखान्यात आधीच तापवलेला असतो, म्हणून त्याचा रंग मुळातच थोडा मंद दिसतो, आणि बऱ्याच बाटल्यांत ऑलिव्हऐवजी सूर्यफूल तेल आणि पाइन नटऐवजी काजू असतात, लेबल वाचा. एकदा तापलेला आहे म्हणून परतला तर काय झालं असं म्हणू नका, जेवढा वास शिल्लक आहे तो तरी राहू द्या.

घरी करणार असाल तर ५० ग्रॅम पानं, २० ग्रॅम काजू, एक पाकळी लसूण, ३० ग्रॅम किसलेलं चीज, साठ-सत्तर मिली तेल. चिलगोजा मिळाला तर उत्तम पण त्याचा भाव बघता काजूच बरा. शेंगदाणे घालू नका, शेंगदाणा माझ्या जिवाभावाचा आहे पण तो बेसिलला बोलूच देत नाही. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, सलग फिरवला तर भांडं तापतं आणि तिथंच रंग जायला सुरुवात होते. ऑलिव्ह ऑइल परवडत नसेल तर वास नसलेलं रिफाइंड करडईचं चालेल, घाण्याचं शेंगदाणा तेल नको. चीज क्यूब घालून केलेला पेस्टो मला पटत नाही, चिकट होतो, छोटा का होईना कडक चीजचा तुकडा आणा. इटलीच्या अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी हिरवा ठिपका बघून भारतात बनलेलं घ्यावं. आणि केलेला पेस्टो आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका, कच्चा लसूण तेलात आहे, धोका असतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

बेसिल म्हणजे तुळस का, हेही लोक विचारतात. नाही. अंगणातली तुळस वेगळी, तिचा वास लवंगेकडं जातो आणि वाटली की उग्र लागते. बेसिलची जवळची नातलग म्हणजे सब्जा, फालुद्यात घालतो त्या बियांचं झाड, जात तीच, वाण वेगळा, त्याला थोडा बडीशेपेसारखा वास येतो. सब्जाच्या पानांचा पेस्टो होतो, पण निम्मी पानं पालकाची घाला म्हणजे वास आवाक्यात राहतो. इटालियन बेसिलचं बी मिळालं तर कुंडीत लावा, मंजिऱ्या आल्या की खुडत रहा आणि एप्रिल-मे मध्ये सावलीच्या नेटखाली ठेवा.

क्रीमऐवजी दही घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पेस्टोत आंबटपणाला जागा नाही आणि गरम पॅनमध्ये दही फुटतं.

एवढं सगळं वाचूनही ज्यांना हिरवं काही परतायचंच आहे त्यांनी खुशाल हरियाली पास्ता करावा, मनापासून सांगतो, तो फार छान होतो. रोजचं हरियालीचं वाटण तेल सुटेपर्यंत नीट परता, चिकन त्यातच शिजवा, शेवटी दोन चमचे क्रीम, कसुरी मेथी आणि उकडलेली पेने. त्यात बेसिल नको, पार्मेजान नको, ऑलिव्ह ऑइल नको, आणि पाहुण्यांना वाढताना त्याला पेस्टो म्हणू नका.